वाळूच्या घोड्या

म्हाताऱ्याचा परवाना ज्या दिवशी संपायचा होता, त्या दिवशी त्याने शेवटची खेप उजेड असतानाच संपवली, गाडी अंगणात आणून उभी केली, इंजीन बंद केलं आणि तो खाली उतरलाच नाही. सून तबेल्यातून रिकामी बादली घेऊन बाहेर आली, तेव्हा तो दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून आरशात पाहत होता. आरशात मागचा ट्रेलर होता. दोन घोड्यांपुरता, पत्र्याचा, रंग उडून सायीसारखा झालेला. झोपलेल्या लेकराकडे बघावं तसा तो त्याच्याकडे बघत होता.

तिने बादली हळूच खाली ठेवली, मागे गेली आणि हाताच्या सवयीने ट्रेलरची बाजूची खिडकी उघडली. आत घोडी नव्हती. तरी उघडली. लिदीचा, गवताचा, घामाचा ऊबदार वास तोंडावर आला आणि दिवसभराचा शीण घेऊन निघून गेला.

पंधरा वर्षं ती म्हाताऱ्याच्या शेजारी बसून खेपा करत होती. गाडी थांबली की उतरून खिडकी उघडायची, आतल्यांना वारा लागू द्यायचा, हे तिचं काम. निघताना एक चक्कर मारून ती बंद करायची, कडी लावायची आणि पत्र्यावर दोन थापा मारायच्या, हे म्हाताऱ्याचं. असं कुणी ठरवलं नव्हतं. ते आपोआप तसं पडत गेलं होतं.

नियम तसा सोपा होता. गाडी आणि ट्रेलर मिळून साडेतीन टनांच्या वर गेलं, की साधा परवाना चालत नाही. वेगळी परीक्षा द्यावी लागते. आणि वजन मोजायचं ते आत असेल तेवढं नाही, तर आत मावेल तेवढं. ट्रेलर रिकामा असला तरी कायद्याच्या लेखी त्यात दोन घोड्या उभ्याच असतात. हे ऐकल्यावर सुनेला ते फार आवडलं होतं. जे नाही त्याचाही भार धरायचा, असं तिला वाटत राहिलं. म्हाताऱ्याच्या जुन्या परवान्यात हे सगळं आपसूक बसत होतं. पण सत्तरी आली तशी डोळ्यांची तपासणी आली, आणि डॉक्टरांनी त्याचा डावा डोळा बघून कागद बाजूला सारला. समोरचं दिसतं, डाव्या अंगाचं दिसत नाही, असं ते म्हणाले. त्याला कळलं नव्हतं असं नाही. मान जरा जास्त वळवून त्याने दोन वर्षं निभावून नेलं होतं.

मुलगा नालबंद. थंडीत एका तरण्या घोड्याची लाथ कमरेखाली बसली आणि हाड मोडलं. कुबड्यांवर अंगणापर्यंत यायचा. नाल ठोकायला वाकणं नाही, क्लच दाबायला पाय नाही. म्हणजे घर चालायचं ते ट्रेलरवर, आणि ट्रेलर ओढायला आता घरात कुणी नव्हतं.

त्यातच खालच्या कुरणांतलं गवत संपत आलं. घोड्यांच्या मोठ्या पागेच्या मालकीणबाईंचा दरवर्षीचा शिरस्ता होता: अकरा घोड्या वरच्या कुरणात न्यायच्या, आणि त्या म्हाताऱ्यानेच न्यायच्या. या वर्षी त्यांनी निरोप धाडला. महिनाअखेरपर्यंत वाट बघते, नाहीतर ट्रकवाल्याला सांगते. आणि एकदा त्याला सांगितलं की दरवर्षी त्यालाच सांगावं लागेल, हे तुम्हाला कळतंच.

जेवताना सून म्हणाली, “परीक्षा मी देते.”

नवऱ्याचा हात घासाशीच थांबला. मग तो म्हणाला, “तुला अजून सायकल मागे घेता येत नाही.”

“सायकल कुणालाच मागे घेता येत नाही,” म्हातारा ताटातून मान वर न करता म्हणाला. त्याचा होकार तो एवढाच.

दुसऱ्या दिवसापासून अंगण हेच मैदान झालं. स्वतःच्या अंगणात कायदा विचारायला येत नाही. तेलाचे रिकामे डबे खांब म्हणून उभे केले, चुन्याने चौकोन आखला, आणि म्हातारा उलट्या बादलीवर बसला. सून पहाटे उठून आधी तबेल्यात जायची. घरची एकच घोडी उरली होती, म्हातारी, करड्या पापण्यांची. सगळे तिला आजी म्हणत. आजी पाणी प्यायल्याशिवाय सून तोंडात थेंब घेत नसे. सासरी आल्याच्या पहिल्या सकाळी तिने धरलेला तो नेम होता. कुणाला सांगितला नव्हता, म्हणून कुणी मोडायला लावलाही नव्हता. आजी सावकाश प्यायची. तिच्या नाकपुड्यांनी पाण्यावर वलयं उठायची, आणि सून त्या वलयांकडे बघत उभी राहायची. मग गाडीत बसायची.

ट्रेलर मागे घेणं म्हणजे सगळं उलटं. स्टिअरिंगचं चाक उजवीकडे फिरवावं तर ट्रेलरचं शेपूट डावीकडे जातं. पहिल्या दिवशी तिने तीन डबे चेपले. दुसऱ्या दिवशी कुंपण. नवरा कुबड्या टेकवून खिडकीतून बघायचा आणि कधी कधी म्हणायचा, की डबे संपले तर सांग, स्वयंपाकघरात अजून आहेत. म्हाताऱ्याने मग जवळ येऊन तिचा हात चाकाच्या वरून काढला आणि खाली ठेवला. हात खालून धर, असं त्याने सांगितलं. खालचा हात जिकडे जाईल तिकडेच शेपूट जातं. एवढंच. चाळीस वर्षांपूर्वी मलाही कुणीतरी एवढंच सांगितलं होतं.

ते कळल्यावर तिची झोप उलटी झाली. स्वप्नात घर तिच्या मागे ओढलेलं असायचं, नावेसारखं हलकं, आणि ती ते दोन झाडांमधून अलगद मागे घेत असायची. ओटा, चूल, पलंगावरचा नवरा, सगळं सरकत यायचं आणि काही सांडायचं नाही. जागी झाली की तिच्या हातांनी पांघरूण खालून धरलेलं असे.

चौथ्या दिवशी म्हाताऱ्याने तिला ट्रेलरमध्ये उभं राहायला सांगितलं. आजीच्या जागेवर, फळीला छाती टेकून, दोन्ही हात आडव्या दांड्यावर. मग मागची चढायची फळी वर करून त्याने गाडी अंगणातल्या अंगणात फिरवायला घेतली. आत मंद अंधार होता. खिडकीतून उजेडाची एक पट्टी यायची आणि वळणावळणाला भिंतीवरून फिरायची. पायाखालची जमीन तिला विचारल्याशिवाय निघून जात होती. कुठे वळणार ते कळत नाही, कुठे थांबणार ते कळत नाही. पोटऱ्या आवळून फक्त वाट बघायची. तेवढ्यात पुढून, गाडीच्या मागच्या काचेच्या फटीतून म्हाताऱ्याचा आवाज आला.

“डावीकडे गं, बाय.”

आणि तिचं अंग आपसूक उजव्या पायावर गेलं. वळण आलं आणि गेलं, ती हललीही नाही. पंधरा वर्षं ती हा आवाज शेजारी बसून ऐकत आली होती. तिला वाटायचं, म्हाताऱ्याला एकट्याने बडबडायची खोड आहे.

त्यानंतर आजीला आत उभं करून सराव झाला. सून बोलायची, आजी पाय बदलायची. ब्रेक जोरात लागला की आजी एकदाच खूर आपटायची, बस. त्याहून कडक शिक्षक तिला शाळेतही भेटला नव्हता.

परीक्षेच्या कागदावर मात्र लिहिलं होतं, की जिवंत जनावर चालणार नाही. तेवढ्याच वजनाचा भार भरून आणावा. मग दोन दिवस वाळू. म्हातारा फावड्याने भरायचा, सून पोत्याचं तोंड धरायची, नवरा पलंगावर बसून दाभणाने तोंडं शिवायचा. नाल ठोकणारी बोटं. टाका असा पडायचा की पोतं फाटेल पण शिवण उसवणार नाही. पोती चढवताना म्हाताऱ्याने ढीग लावू दिला नाही. दोन खणांत दोन रांगा, पुढे जास्त, मागे कमी, घोडीच्या छाती आणि पुठ्ठ्यासारख्या. जड रांग रस्त्याच्या मधल्या अंगाला.

“ही थोरली,” तो म्हणाला, “आणि ही धाकटी.” मग पट्टे आवळून त्याने दोघींच्या पाठीवर हात फिरवला.

शिकाऊ माणसाशेजारी पूर्ण परवान्याचा माणूस बसावा लागतो, आणि तसा परवाना त्या भागात एकाकडेच होता. ट्रकवाला. तो येईल असं कुणाला वाटलं नव्हतं, पण आला. म्हणाला, मागे घ्यायला मला तुमच्याच सासऱ्यांनी शिकवलंय. ते कर्ज नाही म्हणता येत, पण विसरताही येत नाही. वाटेत तो दारावरचा दांडा दोन्ही हातांनी धरून बसला होता. सून वळणापूर्वी हळूच बोलायची. मागून उत्तर येत नव्हतं. वाळू पाय बदलत नाही. पहिल्यांदाच तिला मागे इतकं गप्प वाटलं, आणि त्या गप्पपणाची तिला काळजी वाटायला लागली.

कचेरीतल्या कारकुनाने अर्ज बघून विचारलं, घरात पुरुषमाणूस नाही का.

“दोन आहेत,” ती नम्रपणे म्हणाली. “मिळून एक होत नाही.”

परीक्षक सर्दीने बेजार झालेला, बारीक माणूस होता. बोलायचा कमी, लिहायचा जास्त. त्याने ट्रेलर सोडायला लावला, पुन्हा जोडायला लावला. मग मागे घ्यायला सांगितलं. तिने हात खालून धरला आणि स्वप्नातलं घर जसं झाडांमधून यायचं तसा ट्रेलर खांबांमधून आला आणि आखलेल्या चौकोनात बसला. परीक्षकाने नाक पुसलं. आता खाली उतरून दिवे, चाकं, पट्टे दाखवा, म्हणाला. ती उतरली, सगळं दाखवलं. पुन्हा बसून रस्त्याला लागली. पहिल्याच खड्ड्यावर मागे पत्रा खडखडला. परीक्षकाने गाडी बाजूला घ्यायला सांगितली.

खिडकी सताड उघडी होती.

तिने ती कधी उघडली हे तिला आठवेना. थांबली होती, उतरली होती, हाताने आपलं काम केलं होतं. दिवसभर कोंडलेल्या थोरलीला आणि धाकटीला वारा दिला होता. बंद करायचं काम तिचं कधी नव्हतंच. परीक्षकाने विचारलं, वाळूला हवा कशाला. त्याचं उत्तर लिहायला त्याच्या कागदावर जागा नव्हती. दार-खिडकी उघडी ठेवून वाहन हलवलं, नापास. पुढची तारीख बारा दिवसांनी. महिना तर पाच दिवसांनी संपत होता.

घरी नवरा हसला. हसता हसता कमरेत कळ आली म्हणून थांबला. म्हातारा हसला नाही. तो मागे गेला, खिडकी बंद केली, कडी लावली, दोन थापा मारल्या. त्या थापा ऐकून तिला रडू आलं. ते तिने भांड्यांच्या आवाजात सोडून दिलं.

महिना सरला. मालकीणबाईंनी ट्रकवाल्याला सांगितलं. दोन दिवसांत त्याने सहा घोड्या वर नेल्या. एकीचा गुडघा उंच फळीवरून घसरून सोलवटला. उरलेल्या पाच जणींनी ते बघितलं होतं. त्या ट्रकजवळ जाईनात. दोर लावले, चारा दाखवला, चार माणसं लागली. पांढरी तर मागच्या दोन पायांवर उभी राहिली. खाली त्यांना खायला गवत उरलं नव्हतं. आता काय करायचं ते सांगा, असा निरोप मालकीणबाईंनी धाडला. सूर पहिल्यासारखा चढा नव्हता.

पुढच्या सकाळी धुकं होतं. सून आजीपुढे बादली धरून उभी होती, तेवढ्यात अंगणात इंजीन सुरू झालं. रिकामा ट्रेलर जोडलेला होता. म्हातारा चाकाशी बसला होता, अंगात जुना कोट, डोक्यावर टोपी. तिने आजीचं पिणं पुरं होऊ दिलं. मग हात पुसले, गेली आणि नेहमीप्रमाणे त्याच्या शेजारी बसली.

तो समोर बघत म्हणाला, की ओळखीचा रस्ता आहे, इतक्या सकाळी कोण बघतंय, पाच जीव उपाशी आहेत. तिने ऐकून घेतलं. धुकं विरळ होत होतं. फाटकाचे दोन्ही खांब दिसायला लागले होते.

“मामंजी,” ती म्हणाली, “डाव्या खांबाशी काय आहे?”

त्याने मान जराशी वळवली. “काय असणार. काही नाही.”

डाव्या खांबाला पाठ टेकून त्याचा मुलगा उभा होता. कुबड्या काखेत, पायजमा दवाने ओला. फाटक उघडायला आला होता की अडवायला, कुणास ठाऊक. बापाचे शब्द त्याला ऐकू गेले. त्याने एक कुबडी खांबावर हळूच आपटली. टक्. म्हाताऱ्याने मान पुरती वळवली आणि तो दिसला.

बराच वेळ इंजीन चालत राहिलं. मग म्हाताऱ्याने ते बंद केलं, किल्ली काढली आणि तिच्या ओंजळीत ठेवली. हात थंडगार होता. उतरताना त्याने दार फार हळू लावलं, आत कुणी झोपलेलं असावं तसं.

पुढच्या परीक्षेला नवऱ्याने खिडकी तारेने बांधून टाकायचं सुचवलं. म्हातारा नको म्हणाला. जे उघडायचं ते उघडायचंच. आता बंद करायलाही तीच आहे, एवढं हाताला सांगायचं. मग चार दिवस सून अंगणात फक्त तेवढंच करत होती. थांबायचं, उतरायचं, उघडायचं, पाच श्वास मोजायचे, बंद करायचं, कडी, दोन थापा. शेजारून जाणारे येणारे बघून जात. बघून जाऊ देत, असं तिने मनाशी म्हटलं.

परीक्षक तोच होता, सर्दी बरी झालेली. ट्रेलर चौकोनात बसला. ती उतरली. दिवे, चाकं, पट्टे. मग त्याच्या देखत तिने खिडकी उघडली आणि शांतपणे उभी राहिली. एक, दोन, तीन, चार, पाच. परीक्षकाने लेखणी उचलली होती, ती तशीच हवेत राहिली. तिने खिडकी बंद केली, कडी लावली, पत्र्यावर दोन थापा मारल्या. त्याने लेखणी खाली घेतली.

रस्त्यावर तिसऱ्या वळणाला त्याने विचारलं, “कुणाशी बोलता हो?”

“मागच्यांशी.”

“मागे वाळू आहे.”

“हो,” ती म्हणाली. “उजवीकडे गं, बायांनो.”

परीक्षक काचेतून बाहेर बघत राहिला. पुढच्या वळणाला त्याचंही अंग नकळत एका बाजूला झुकलं, ते तिने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. कचेरीच्या दारात कागद तिच्या हातात देताना तो म्हणाला, की बोलण्याचा रकाना नाही, म्हणून त्याचे गुण देता येत नाहीत आणि कापताही येत नाहीत. खाली पास लिहिलेलं होतं.

परतताना ट्रकवाल्याने दांडा धरला नाही. अर्ध्या वाटेत त्याची मान छातीवर पडली आणि तो घोरायला लागला. तिला कुणी शाबासकी दिली असती तरी इतकं बरं वाटलं नसतं. ऊन तिरपं झालं होतं. रस्ता गाडीखालून ओढत्या पाण्यासारखा जात होता, आणि मागे थोरली नि धाकटी गुमान उभ्या होत्या.

अंगणात गाडी थांबली तेव्हा नवरा दारात होता. तिने नुसती मान हलवली. त्याने कुबडी उचलून डोक्याला लावली, सलाम ठोकल्यासारखी. म्हातारा मात्र काही विचारायला आला नाही. पत्र्याला हात लावत, चाचपत तो ट्रेलरच्या बाजूने मागे गेला, कडी सापडली, आणि त्याने खिडकी उघडली. आत हात घालून त्याने थोरलीच्या पोत्यावर थोपटलं.

“दमल्या असतील,” तो म्हणाला. “वारा लागू दे जरा.”

दुसऱ्या दिवशी आजीचं पाणी होताच, पोती उतरवून सून आणि म्हातारा निघाले. पागेत धुकं गुडघाभर होतं. घोड्यांचे पाय दिसत नव्हते, नुसत्या पाठी तरंगत होत्या. मालकीणबाई कडेला उभ्या राहिल्या. सुनेने बुटकी फळी खाली टाकली, पांढरीचा दोर सैल धरला आणि तिच्याकडे पाठ करून आत चालायला लागली. मागे वळून पाहिलं नाही. थोड्या वेळाने तिच्या मानेवर गरम श्वास आला. पांढरीमागोमाग तपकिरी आली. पांढरी अंगाने जड, म्हणून थोरलीच्या जागी, तपकिरी धाकटीच्या.

म्हाताऱ्याने खिडकी उघडली. वारा आत जाऊ दिला. मग तो सावकाश पुढे येऊन शेजारच्या जागेवर बसला, आणि मांडीवर रिकामे हात कुठे ठेवावेत ते त्याला सुचेना. सून मागे फिरून आली. खिडकी, कडी, दोन थापा. चाकाशी बसली. म्हाताऱ्याने डोळे मिटून घेतले होते.

काचेच्या फटीकडे तोंड करून ती म्हणाली, “निघतेय गं.”

आणि मागे, पत्र्याच्या त्या मंद अंधारात, आठ खूर एकामागून एक उचलले गेले आणि जागेवर बसले.

म्हाताऱ्याच्या ओठांची हालचाल तिला दिसली. तो खूर मोजत होता.